स्पिरिटची बाटली

उरणच्या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिलात, तर एखादा टँकर समोरून गेल्याशिवाय राहत नाही. कुणात पेट्रोल असते, कुणात स्वयंपाकाचा गॅस. टँकरच्या मागे मोठ्या अक्षरांत 'अति ज्वलनशील' असे लिहिलेले असते. पुस्तकात अशा पदार्थांना 'ज्वालाग्राही' असेही म्हणतात. उर्दूत आपण त्यांना 'आतिशगीर' म्हणतो.

मुलांनो, हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. 'आतिश' म्हणजे आग आणि 'गीर' म्हणजे पकडणारा. 'ज्वाला' म्हणजे आगीची जीभ आणि 'ग्राही' म्हणजे घेणारा. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट सांगितली आहे. लाकूड पेटवायचे तर आग लाकडाजवळ न्यावी लागते. ज्वालाग्राही पदार्थ मात्र जणू हात लांब करून दूरची आग पकडतो. तो हे कसे करतो, हे समजून घेणे आपल्या गावात फार जरुरीचे आहे.

उरणला तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा, म्हणजे ओएनजीसीचा, मोठा प्रकल्प आहे. समुद्रातील मुंबई हाय या तेलक्षेत्रातून तेल आणि वायू समुद्रतळावरील नळांनी येथे येतात. ३ सप्टेंबर २०१९ रोजी, गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजण्याच्या सुमारास या प्रकल्पात आग लागली. सुमारे दोन तासांत ती आटोक्यात आली. पण तेवढ्या वेळात चार माणसे प्राणास मुकली. त्यांपैकी तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन विभागातील जवान होते, म्हणजे आग विझवणारे. चौथे प्रकल्पातील कर्मचारी होते.

ही आग पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारात लागली, असे त्या वेळी सांगण्यात आले. गटारात तर पाणी असते. मग गटाराला आग कशी लागते? या प्रश्नाचे उत्तर आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत, स्पिरिटच्या एका बाटलीत सापडते.

प्रयोगशाळेतील स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथाइल अल्कोहोल. 'अल्कोहोल' हा शब्दही मुळात अरबी आहे. 'अल-कुहल' म्हणजे सुरमा. सुरम्यासारखी बारीक पूड, मग शुद्ध केलेला पदार्थ, मग ऊर्ध्वपातनाने काढलेला अर्क, असा त्याचा अर्थ बदलत गेला. कोणी पिऊ नये म्हणून प्रयोगशाळेच्या स्पिरिटमध्ये बहुधा मिथाइल अल्कोहोल मिसळतात. ते विष आहे. त्याने डोळे जातात आणि जीवही जातो.

हे स्पिरिट पाण्यासारखे पातळ व रंगहीन दिसते. पण एक फरक आहे. बाटलीचे बूच उघडताच त्याची वाफ होऊ लागते. ईदच्या दिवशी घरात अत्तराची कुपी उघडली, की दुसऱ्या खोलीत बसलेल्या माणसालाही सुगंध येतो. अत्तर कुपीतच असते, पण त्याची वाफ खोलीभर फिरते आणि डोळ्यांना दिसत नाही. स्पिरिटचेही तसेच आहे.

आता मुख्य गोष्ट लक्षात ठेवा. पेटते ती वाफ. बाटलीतला द्रव पेटत नाही. वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली, की ठिणगी मिळताच ती भडकते. स्पिरिटच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा सुमारे ३ ते १९ आहे. म्हणजे हवेच्या शंभर भागांत तीन-चार भाग वाफ असली तरी पुरे. म्हणूनच रिकामी झालेली बाटली निर्धोक नसते. तिच्यात द्रव नसला तरी वाफ असते.

ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेटण्याइतकी वाफ जमते, त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असतो. स्पिरिटचा केवळ १३ अंशांच्या आसपास आहे. ॲसिटोनचा शून्याखाली सुमारे २० अंश, तर ईथरचा शून्याखाली सुमारे ४५ अंश आहे. आपल्या उरणला समुद्राची हवा आहे. येथे थंडीची पहाटही सहसा १३ अंशांपेक्षा उबदार असते. याचा अर्थ असा, की आपल्या प्रयोगशाळेत स्पिरिटची उघडी बाटली बाराही महिने पेटायला तयार असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ही वाफ हवेपेक्षा जड असते. स्पिरिटची वाफ हवेच्या सुमारे दीडपट जड असते, ईथरची अडीचपटीहून अधिक. त्यामुळे ती वर उडून जात नाही. टेबलावरून घरंगळल्यासारखी खाली उतरते आणि जमिनीलगत पसरत जाते. वाटेत कुठे ज्योत किंवा ठिणगी भेटली, की तेथे ती पेटते आणि तीच आग वाफेच्या वाटेने धावत बाटलीपर्यंत परत येते. ज्वालाग्राही पदार्थाचा लांब हात तो हाच.

जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्क शहरातील एका शाळेत असेच घडले. वेगवेगळ्या क्षारांमुळे ज्योतीला वेगवेगळे रंग येतात, हा प्रयोग वर्गात दाखवला जात होता. त्यासाठी मिथाइल अल्कोहोल वापरले होते. ते मोठ्या बाटलीतून ओतले जात असताना वाफ पेटली आणि आगीचा लोळ समोरच्या विद्यार्थ्यांवर गेला. दोन विद्यार्थी भाजले, त्यांतील एक फार गंभीररीत्या. अमेरिकेत रासायनिक अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी मंडळाने नंतर बजावले, की वर्गातील प्रयोगाजवळ अशा द्रवाची मोठी बाटली आणूच नये.

दूरची गोष्ट कशाला, आमच्या प्रयोगशाळेतलीच एक सांगतो. एकदा स्पिरिटचा दिवा मी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला होता. ऊन आत आले होते. स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते. उन्हात ती जवळजवळ दिसतच नाही. एका मुलाला वाटले, दिवा विझला. तो बाटली घेऊन त्यात स्पिरिट ओतायला निघाला. प्रयोगशाळा सहायकांनी धावत जाऊन त्याचा हात धरला, म्हणून निभावले. मी त्या मुलाला रागावलो नाही. दिवा उन्हात मी ठेवला होता. तेव्हापासून आमच्याकडे दिवे खिडकीपासून दूर असतात आणि स्पिरिटची बाटली कपाटात कुलूपबंद असते.

आता स्पिरिट वापरताना घ्यायची काळजी पाहू. प्रत्येक नियमामागे कारण आहे. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

स्पिरिटचा दिवा पेटलेला किंवा गरम असताना भरू नये. आधी तो विझवावा, पूर्ण निवू द्यावा आणि मग भरावा. भरतानाही दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. सांडलेले पुसावे आणि बाटली बंद करून दूर नेल्यावरच काडी ओढावी. एका दिव्यावर दुसरा दिवा पेटवू नये. दिवा तिरपा झाला की स्पिरिट सांडते. दिवा फुंकून विझवू नये; फुंकरीने ज्योत आतल्या वाफेकडे ढकलली जाते. टोपण घालावे. हवा बंद झाली की ज्योत आपोआप विझते.

पानातील स्टार्च ओळखण्याचा प्रयोग तुम्ही कराल. त्यात पान आधी पाण्यात उकळतात, मग त्यातील हिरवा रंग काढण्यासाठी स्पिरिटमध्ये तापवतात आणि शेवटी त्यावर आयोडीन टाकतात. यातील स्पिरिट कधीही सरळ ज्योतीवर तापवू नये. मोठ्या चंचुपात्रात पाणी उकळावे, ज्योत विझवावी आणि मगच स्पिरिट व पान असलेली परीक्षानळी त्या गरम पाण्यात उभी करावी. याला वॉटर बाथ म्हणतात. पाणी १०० अंशांना उकळते, तर स्पिरिट ७८ अंशांनाच. म्हणून गरम पाण्याच्या उष्णतेनेच ते उकळते. ज्योतीची गरज उरत नाही.

प्रयोगाच्या वेळी खिडक्या उघड्या असाव्यात. डोळ्यांना चष्मा लावावा. मुलींनी ओढणीचे किंवा स्कार्फचे टोक नीट आत खोचावे, लांब केस बांधावेत. मुलांनी बाह्या दुमडाव्यात. टेबलावर लागेल तेवढेच स्पिरिट लहान बाटलीत आणावे आणि प्रत्येक बाटलीवर नावाची चिठ्ठी असावी. ईथरची बाटली घरगुती फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नये. फ्रिजच्या आतील बटणाच्या बारीकशा ठिणगीनेही साठलेली वाफ स्फोट करू शकते.

इतके करूनही आग लागलीच तर? चंचुपात्रातील लहान आगीवर ओले फडके किंवा झाकण घालावे, वाळूची बादली वापरावी. पेटलेले भांडे उचलून पळू नये, पळणाराच पेटतो. आग मोठी असेल तर वर्गाबाहेर पडावे, मोठ्यांना सांगावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. कुणाच्या कपड्यांनी पेट घेतला तर त्याला धावू देऊ नये. धावल्याने ज्वाला वाढते. त्याला जमिनीवर आडवे करून लोळवावे किंवा जाड सुती चादरीत गुंडाळावे. मग भाजलेल्या जागेवर नळाचे साधे पाणी सुमारे वीस मिनिटे सोडावे. अंगठी, बांगड्या, घड्याळ लवकर काढावे, कारण मागाहून सूज येते. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. शाई, दंतमंजन, तूप, बर्फ यांतले काही लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

आता गटाराच्या प्रश्नाकडे परत येऊ. कच्च्या तेलातील व वायूतील भाग वेगवेगळे करताना नाफ्था नावाचा एक हलका द्रव मिळतो. 'नफ्त' हा शब्द तुमच्या ओळखीचा असेल. अरबी-फारसीत तो खनिज तेलासाठी आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी वारलेले थोर हकीम व रसायनशास्त्रज्ञ अर-राझी यांनी नफ्त ऊर्ध्वपातनाने शुद्ध करण्याची रीत लिहून ठेवली आहे.

नाफ्था, पेट्रोल व त्यांच्यासारखी तेले पाण्यात मिसळत नाहीत. ती पाण्यापेक्षा हलकी असल्याने पाण्यावर तरंगतात. असा द्रव गटारात गेला, तर पाणी त्याला विझवत नाही. उलट पाठीवर घेऊन पुढे नेते. त्याची जड वाफ बंद गटारात साठून राहते. मग कुठलीही ठिणगी पुरते. म्हणूनच तेलाच्या आगीवर पाण्याचा झोत न मारता फेस मारतात. फेसामुळे तेलावर पांघरूण पसरते आणि वाफ कोंडली जाते. म्हणूनच उरलेले ज्वालाग्राही द्रव प्रयोगशाळेच्या मोरीत ओतायचे नाहीत. ते वेगळ्या बाटलीत जमा करून शिक्षकांकडे द्यायचे.

पाहा, शाळेतील पन्नास मिलिलिटर स्पिरिट आणि प्रकल्पातील हजारो लिटर नाफ्था एकाच नियमाने वागतात. वाफ दिसत नाही, जमिनीलगत चालते आणि आग शोधते. तिला अडवण्याचे उपायही दोन्हीकडे तेच आहेत: झाकण घट्ट, ज्योत दूर आणि हवा खेळती.

तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका, भाऊ टँकर चालवतात, बंदरात किंवा कारखान्यात कामाला जातात. उद्या तुमच्यातलेही काही जण जातील. आग विझवायला पुढे गेलेले जवान परत आले नाहीत, हे उरणने पाहिले आहे. आग लागल्यावर शौर्य लागते. ती लागू नये म्हणून एक बूच वेळेवर बंद करावे लागते, आणि तेवढे काम तुम्ही आजपासून करू शकता.

शब्दार्थ

ज्वालाग्राही – आतिशगीर, चटकन पेट घेणारा
वाफ – भाप, बुखारात
ज्योत – शोला, लौ
प्रयोगशाळा – तजुर्बागाह
ऊर्ध्वपातन – द्रवाची वाफ करून ती थंड करून पुन्हा द्रव मिळवणे
चंचुपात्र – चोच असलेले काचेचे भांडे, बीकर
निर्धोक – धोका नसलेले
प्राणास मुकणे – मरण पावणे
आटोक्यात येणे – काबूत येणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'आतिशगीर' आणि 'ज्वालाग्राही' या शब्दांत कोणते साम्य आहे?
(आ) स्पिरिटचा दिवा कसा विझवावा?
(इ) स्पिरिट किती अंशांना उकळते?

२. कारणे द्या.
(अ) स्पिरिटची रिकामी बाटलीही धोक्याची असते.
(आ) तेलाच्या आगीवर पाण्याचा झोत मारत नाहीत.
(इ) स्पिरिटचा दिवा उन्हात ठेवू नये.

३. तुमच्या घरात असलेल्या तीन ज्वालाग्राही वस्तूंची नावे लिहा. प्रत्येक वस्तू कोठे ठेवली आहे आणि ती जागा योग्य आहे का, हे घरच्या मोठ्या माणसांशी बोलून पाच-सहा वाक्यांत लिहा.