नाकावरची काजळी

नाक म्हणजे मराठी माणसाची मोठी इस्टेट! आपण नाकाने कांदे सोलतो, दुसऱ्याला पाहून नाक मुरडतो, आणि घराण्याची अब्रूही त्या नाकाच्याच स्वाधीन करतो. अशा या नाकाचा शेंडा एके दिवशी आपोआप काळवंडला तर?

सोलापूरजवळच्या कुंभारीत मी तेच पाहिले. विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत तिथे २००६ साली उभी राहिली. तिथल्या एका विद्यार्थिनीकडे गेलो होतो. तिच्या आईचा ताप उतरून तीन आठवडे झाले होते; पण नाकावर काजळी फासावी तसा डाग उमटला होता. ना खाज, ना आग. शेजारणींची कुजबूज सुरू झाली, "महारोग तर नव्हे?" मुलीचे लग्न जुळत आलेले! बाई पदराने नाक झाकून म्हणाल्या, "सर, नाकाचं जाऊ द्या. बोटंच मिटत नाहीत. विडी कशी वळू?"

डॉक्टरांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. तो चिकुनगुन्या होता. या तापानंतर काही रोग्यांच्या नाकावर, क्वचित गालांवरही, असा डाग पडतो. तो कुणाला लागत नाही आणि बहुधा काही महिन्यांत फिकटतो. कुष्ठरोगाचा चट्टा निराळा. तो सहसा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथली संवेदना कमी होते. शंका आली तर लपवू नये. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पुरता बरा होतो.

भाषेच्या मास्तराला शब्दाचे मूळ शोधल्यावाचून चैन पडत नाही. १९५२ साली आजच्या टांझानियात ही साथ आली. तिथल्या माकोंडे भाषेत या शब्दाचा अर्थ 'वाकवून टाकणारा'. सांधे धरून वाकलेला रोगी पाहूनच हे नाव पडले. पण हा पाहुणा आपल्याला अगदीच परका नाही. १९६३ साली तो कलकत्त्यात आला, आणि १९७३ साली आपल्याच जिल्ह्यातील बार्शीत! तिथे शेकडा ३७ हून अधिक लोक आजारी पडल्याची नोंद आहे. मग तो जवळजवळ विसरला गेला, आणि २००५-०६ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पुन्हा अवतरला. नाकावरच्या या डागाकडे डॉक्टरांचे लक्ष विशेष गेले, ते या साथीनंतर.

अर्थात नाक उशिरा साक्ष देते. तापातच रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूही याच डासामुळे होतो. म्हणून डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

हा एडीस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जिथे नळाला दिवसाआड पाणी येते, तिथे पिंपे भरून ठेवल्यावाचून गृहिणी करील तरी काय? पाणी साठवावे, पण झाकून साठवावे आणि आठवड्याला एकदा भांडे रिकामे करून आतून घासावे. कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.

पुढे त्या बाईंचे नाक उजळले, मुलीचे लग्नही झाले. बोटांनी मात्र फार दिवस दाद दिली नाही. आणि विड्या वळल्या तरच मजुरी! त्या दिवसांत चूल पेटली ती लेकीच्या शिकवणीच्या पैशांवर.

दिवाळीसाठी घर घासायला काढाल, तेव्हा पाण्याचे पिंपही आतून घासायला विसरू नका.