गिझर दुरुस्त करावा की बदलावा?

हिवाळा तोंडावर आला की विजेच्या सामानाच्या दुकानांत गिझरसाठी गर्दी होते आणि दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींना फुरसत मिळत नाही. पहाटे फजरच्या वेळी वुजूला बसावे आणि गरम पाण्याच्या नळाला गार पाणी यावे, हा अनुभव अनेक घरांत येतो. मग प्रश्न निघतो की, जुना गिझर दुरुस्त करून घ्यावा की नवा आणावा? पुढील काही वर्षांत हा प्रश्न आणखी निकडीचा होणार आहे. रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० साली तर एक रमजान जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरअखेर सुरू होईल. म्हणजे सहरी ऐन थंडीत होणार आणि घरातील वडीलधाऱ्या मंडळींना गरम पाणी लागणारच.

आमच्या घरी पंचवीस लिटरचा गिझर होता. नववे वर्ष लागल्यावर थर्मोस्टॅट गेला, सातशे रुपये खर्च झाले. पुढच्या हिवाळ्यात कॉईल जळाली, चौदाशे रुपये. त्यानंतर व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून नऊशे. असे तीन हजार रुपये घातले आणि दोनच महिन्यांत टाकी फुटून भिंतीवरून पाणी वाहू लागले. नव्या गिझरला सात हजार मोजले ते वेगळेच. कॉईल बदलली त्या वेळी गरम पाणी तांबूस येत होते. मिस्त्रीने टाकी उघडली तेव्हा आतला गंज त्याला दिसलाच असणार, पण तो बोलला नाही, आणि आम्हीही विचारले नाही. वाचकांचे पैसे तरी वाचावेत म्हणून या धंद्यातील चार जाणकारांशी बोलून आम्ही ही माहिती देत आहोत.

बदलता येणारे भाग आणि न बदलता येणारा भाग

टाकीच्या गिझरमध्ये पाणी तापवणारी कॉईल, ठरावीक उष्णतेला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, जादा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आणि मॅग्नेशियमची एक कांडी असते. ही कांडी स्वतः झिजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते. हे चारही भाग बाजारात सुटे मिळतात. टाकी मात्र बदलता येत नाही. तेव्हा दुरुस्तीचा निर्णय टाकीची अवस्था पाहूनच घ्यावा.

पाणी तापतच नाही, किंवा कोमट होताच दिवा विझतो, ही बहुधा कॉईलची किंवा थर्मोस्टॅटची तक्रार असते. तापताना तडतड, खदखद असा आवाज येत असेल तर क्षार साठला आहे असे समजावे. बोअरवेलच्या जड पाण्यात हा त्रास फार. क्षाराच्या थरामुळे कॉईलची उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि कॉईल आतल्या आत तापून जळते. पाणी जितके जास्त तापवावे तितका क्षार अधिक बसतो, म्हणून थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवावा. जड पाण्याच्या गावात दर एक-दोन वर्षांनी टाकी धुऊन घ्यावी आणि त्याच वेळी कांडी पाहावी. ती निम्मी झिजली असेल तर बदलावी. हा खर्च किरकोळ आहे, पण त्याने टाकीचे आयुष्य वाढते.

पाणी तांबूस येत असेल तर आधी गार पाण्याचा नळ सोडून पाहावा. दोन्ही नळांना तांबूस पाणी असेल तर दोष इमारतीच्या लोखंडी नळाचा आहे. फक्त गरम पाणीच तांबूस असेल तर टाकी आतून गंजू लागली आहे. अशा गिझरवर पैसे घालू नयेत.

गळती कोठून होते तेही पाहावे. पाणी तापताना फुगते. पंचवीस लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापले तर तृतीयांश लिटरहून थोडे अधिक वाढते. त्यामुळे तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडणे हा दोष नव्हे. सतत धार लागली तर व्हॉल्व्ह किंवा पाण्याचा दाब तपासावा. जोडातून गळत असेल तर प्लंबर ते काम करील. पण गिझरच्या पत्र्याच्या अंगातून, खालच्या बाजूने पाणी झिरपत असेल तर टाकी गेली असे समजावे. काही जण गळती नको म्हणून व्हॉल्व्हचे तोंडच बंद करतात. असे कधीही करू नये. थर्मोस्टॅट अडकला तर दाबाला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि टाकीचा स्फोट होऊ शकतो.

साधा हिशेब

टाकीचा गिझर साधारणपणे आठ ते बारा वर्षे चालतो. पाणी गोडे असेल आणि निगा चांगली असेल तर त्याहून जास्तही. आमचा ठोकताळा असा: गिझर आठ वर्षांच्या आतला आणि टाकी निरोगी असेल तर दुरुस्त करावा. आठ वर्षे उलटली असतील आणि एका दुरुस्तीचा किंवा दोन वर्षांतील सर्व दुरुस्त्यांचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर बदलावा. आठवे वर्ष लागले की दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी, म्हणजे ऐनवेळी व्याजाच्या हप्त्यांत अडकावे लागत नाही.

नवा घेताना गरजेपुरताच घ्यावा. ६० अंशांच्या पाण्यात तितकेच २० अंशांचे गार पाणी मिसळले की ४० अंशांचे आंघोळीजोगे पाणी होते. म्हणजे पंचवीस लिटरच्या गिझरमधून सुमारे पन्नास लिटर, मोठ्या अडीच-तीन बादल्या पाणी मिळते. दोन हजार वॅटच्या कॉईलने ते तापायला थंडीत पस्तीस मिनिटे आणि जेमतेम सव्वा युनिट वीज लागते. प्रेषितांची (स.) वुजू साधारण पाऊण लिटर पाण्यात होत असे. तेवढ्यासाठी मोठा गिझर रात्रभर चालू ठेवणे म्हणजे इस्राफ होय. आयएसआय चिन्ह पाहावे. तारांकनही पाहावे, कारण जास्त तारे म्हणजे साठलेल्या पाण्याची उष्णता कमी वाया जाते. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी किती दाबाची टाकी आहे ते विचारावे. पाण्याची टाकी दर दहा मीटर उंच असेल तर सुमारे एक बार दाब पडतो.

या दोन गोष्टींत हिशेब करू नये

नळाला किंवा पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी मेन बंद करावा. कॉईलचे आवरण फुटले आहे आणि अर्थिंगही नाही, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. वायरमनने तपासल्याशिवाय गिझर लावू नये. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच नसेल तर नवा गिझरही तितकाच धोक्याचा.

दुसरी गोष्ट गॅसच्या गिझरची. बंद न्हाणीघरात तो जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, या वायूला वास नाही आणि रंगही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, चक्कर येते आणि कडी काढण्याआधीच माणूस कोसळतो. या कारणाने न्हाणीघरात जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसत असेल, काजळी धरत असेल तर तो गिझर तत्काळ बंद करावा. आणि न्हाणीघरात बसवलेला असेल तर तो कालच घेतलेला असला तरी काढून बाहेर मोकळ्या हवेत लावावा.

व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी

आपली अनेक मुले आयटीआय करून वायरमन, प्लंबर झाली आहेत, काहींनी दुकाने थाटली आहेत. ग्राहकाला टाकीच्या आतले दिसत नाही, ते तुम्हाला दिसते. टाकी गंजली असताना कॉईल घालून पैसे घेणे आणि नुसता थर्मोस्टॅट गेला असताना नवा गिझर गळ्यात मारणे, दोन्ही सारखेच. जुना गिझर मोडीत घेताना टाकी तांब्याची असेल तर तेही सांगावे, कारण तांब्याचा आणि लोखंडाचा भाव एक नव्हे. मशिदीच्या वुजूखान्याचे काम असेल तर तो पैसा जमातीची अमानत आहे. विकणारा आणि घेणारा खरे बोलले आणि मालातील दोष उघड केला तर सौद्यात बरकत होते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

वाचकांनी या हिवाळ्यात एवढे करावे. गिझर कोणत्या साली घेतला ते पावतीवर पाहावे, गरम पाण्याचा रंग पाहावा आणि मिस्त्री आला की आधी विचारावे, "भाई, टाकी कशी आहे?"