पेल्यात पाणी सुटतं कुठून?

माझी मुलगी बारावीला आहे. सकाळी सव्वासहाला तिचा क्लास सुरू होतो आणि इतक्या लवकर पोहे, उपमा, थालीपीठ यांतलं काहीच तिच्या घशाखाली उतरत नाही. गेल्या हिवाळ्यात ती मैत्रिणींबरोबर बाहेर कुठेतरी काचेच्या उंच पेल्यातला नाश्ता करून आली. खाली पांढरंशुभ्र घट्ट दही, त्यावर लालचुटूक स्ट्रॉबेरी, मग काहीतरी कुरकुरीत, पुन्हा दही, पुन्हा फळं. "आई, हे तर घरीही होईल ना?" तिनं विचारलं. मला वाटलं, यात करायचं काय आहे? रात्रीच पेला भरला आणि फ्रिजमध्ये ठेवून दिला.

सकाळी पाहिलं तर पेल्याच्या तळाशी दोन बोटं गुलाबी पाणी साचलं होतं. दही फाटल्यासारखं दिसत होतं, लाह्या भिजून चामट झाल्या होत्या. सासूबाईंनी पेला खिडकीतल्या उजेडात धरून पाहिला. "अगं, दही बांधलंच नाहीस तू. पाणी सुटणारच की."

त्या एका वाक्यात या नाश्त्याची सगळी कृती आहे. इथे शिजवायचं काहीच नाही. फोडणी नाही, वाफ नाही, आच सांभाळायची नाही. सांभाळायचं ते फक्त पाणी. दह्यात ते आहे, फळात आहे, कुरकुरीत थरात ते अजिबात नाही, आणि हे तिघे एका पेल्यात शेजारी बसले की पाणी जिथे आहे तिथून जिथे नाही तिथे जाणार. ते जाणं रोखायचं किंवा निदान खाईपर्यंत लांबवायचं.

सुरुवात दह्यापासून करावी लागते, कारण सगळ्यांत जास्त पाणी तिथेच आहे. गाईच्या दुधात शंभरातले सुमारे 87 भाग पाणी असतं, म्हशीच्या दुधात साधारण 83. दही लागलं म्हणून ते पाणी कुठे जात नाही. विरजणातले जीवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. आंबटपणा पुरेसा वाढला की दुधात सुटे सुटे तरंगणारे केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरू लागतात आणि त्यांचं जाळं विणलं जातं. कवडीचं दही म्हणजे हे जाळं, आणि त्याच्या घरांत अडकून राहिलेलं पाणी. आपण चमचा घालतो तेव्हा जाळं तुटतं आणि त्या खळग्यात पिवळसर निवळी जमा होते. घरोघरी रोज दिसणारी गोष्ट आहे ही. माझ्या पेल्यातही तेच झालं होतं. डावानं दही उचलून थर लावताना मी जाळं जागोजागी मोडलं आणि रात्रभर पाणी निथळत राहिलं.

जाळं मुळातच मजबूत विणलं जावं म्हणून आपल्याकडची दूध नीट तापवण्याची रीत फार उपयोगी पडते. दूध उकळीला आणून मंद आचेवर पाच-दहा मिनिटं ठेवलं की दुधातली दुसरी प्रथिनं, जी एरवी निवळीतून वाहून जातात, ती उलगडतात आणि केसीनला चिकटतात. जाळं दाट होतं, पाणी जास्त धरून ठेवतं. कच्च्या किंवा नुसत्या कोमट केलेल्या दुधाचं दही म्हणूनच लिबलिबीत लागतं. मग दूध करंगळी बुडवून सोसेल इतकं कोमट होऊ द्यायचं, म्हणजे 40 ते 45 अंशांच्या आसपास, आणि अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण पुरे. जास्त विरजण घातलं तर दही लवकर लागतं खरं, पण आंबटही लवकर होतं आणि पाणीही लवकर सोडतं. थंडीत आमच्याकडे पातेलं जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतात. लागलं की लगेच फ्रिजमध्ये. लागताना मध्ये हलवून पाहायचं नाही, हे मी मुलीला अजून सांगत असते.

आणि मग बांधायचं. धुतलेलं मलमलचं फडकं रोळीवर पसरायचं, दही त्यात ओतून पुरचुंडी बांधायची आणि नळाला किंवा खुंटीला टांगायची. उन्हाळ्यात बाहेर टांगू नये, आंबतं. तेव्हा चाळणीत पुरचुंडी, चाळणीखाली पातेलं आणि हे सगळं फ्रिजमध्ये. श्रीखंडासाठी आपण रात्रभर बांधून कोरडा चक्का करतो, तेवढा घट्ट इथे नको. तो चमच्याला मातीच्या गोळ्यासारखा लागतो आणि फळावर पसरत नाही. तीन तास पुरतात. एक लिटर म्हशीच्या दुधाचं दही तीन तासांनी आमच्याकडे साधारण निम्मं उरतं आणि त्यात चौघांचे पेले होतात. खूण अशी: चमचाभर दही बशीत ठेवावं, पाच मिनिटांनी त्याच्याभोवती पाण्याची कड दिसली नाही म्हणजे झालं. मग ते चमच्यानं हलक्या हातानं एकजीव करायचं. रवी नको, मिक्सर तर नकोच.

एक मोह इथे आवरावा लागतो, तो साखरेचा. श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की चक्क्यात साखर मिसळली की तो सैल होतो, कारण साखर विरघळताना चक्क्यातलंच पाणी ओढून घेते. फळांवर साखर भुरभुरली तर तेच होतं, फोडी दहा मिनिटांत आपल्याच रसात पोहू लागतात. म्हणून दही फिकं ठेवायचं, फळांना साखर लावायची नाही आणि गोडवा द्यायचा तो कुरकुरीत थरात किंवा अगदी वरून. वरून घालायला काकवीसारखं दुसरं काही नाही. कोल्हापूरच्या गुऱ्हाळाची काकवी मिळाली तर मध बाजूला ठेवावा, इतकी ती आंबटसर दह्याशी जमते. सुवासिक दह्याचे तयार डबे विकत घेणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की डब्यावर घटकांची यादी वाचा. जो पदार्थ वजनानं जास्त, तो यादीत आधी येतो. दुधानंतर लगेच साखर लिहिलेली असेल तर तुम्ही काय विकत घेताय ते कळतं.

फळांच्या बाबतीत आपण फार नशीबवान आहोत. विलायती छायाचित्रांतली निळी-जांभळी महाग फळं शोधायची काहीच गरज नाही. या पेल्यासाठी माझ्या मते सगळ्यांत चांगलं फळ डाळिंब. त्याचा दाणा न् दाणा स्वतःच्या पापुद्र्यात बंद असतो. दाताखाली फुटेपर्यंत त्यातला थेंब बाहेर येत नाही. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा गडद दाणा पांढऱ्या दह्याला लागून काचेतून दिसतो तेव्हा दुसरी सजावट लागत नाही. रात्री भरून ठेवायचा पेला असेल तर मी फक्त डाळिंबाचाच करते.

स्ट्रॉबेरी याच्या अगदी उलट. थंडी पडली की महाबळेश्वर, पाचगणी, वाईकडून टोपल्या येऊ लागतात. रंग देखणा, वास सुरेख, पण शंभरातले नव्वद भाग पाणी आणि वर जाड साल नाही. तिचं हिरवं देठ काढायच्या आधी धुवावी, नाहीतर देठाच्या खड्ड्यातून पाणी आत शिरतं. धुतल्यावर पंच्यावर पसरून पुरती कोरडी होऊ द्यावी आणि पेला भरण्याच्या क्षणी चिरावी. ही पंधरा मिनिटांची कोरडी करण्याची पायरी मी सुरुवातीला गाळत असे. माझ्या गुलाबी पाण्यातलं अर्धं पाणी तिथलं होतं.

चिकू उत्तम, घट्ट आणि रवाळ. घोलवडचा पिकलेला चिकू सोलून फोडी केल्या तर त्या आकार सोडत नाहीत. पेरू चालतो, द्राक्षं अख्खी घालावीत. केळं सगळ्यांत शेवटी चिरायचं, हवा लागली की काळं पडतं. पुरंदरची अंजिरं मिळतात तेव्हा त्यांच्या चकत्या काचेला लावून उभ्या कराव्यात, मुलं नुसती बघत राहतात. सीताफळाचा गर मात्र थरात दाबू नये, तो वरच ठेवावा. आंबा घ्यायचा तर हापूस, तोही किंचित घट्ट. पायरी रसाची, तिच्या फोडी उभ्या राहत नाहीत. कलिंगड या पेल्यात घालूच नये.

अननसाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे नुसतं पाणी सुटत नाही, चवच बिघडते. एकदा पाहुणे येणार म्हणून मी ताज्या अननसाच्या फोडी दह्यात घालून दोन तास ठेवल्या. दही पातळ आणि कडवट झालं. दही जुनं असेल असं मला वाटलं, पण दोष दह्याचा नव्हता. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनांचे तुकडे करतं, आणि दह्याचं जाळं तर प्रथिनांचंच. तुटलेल्या तुकड्यांतले काही कडू लागतात. किवीतही असंच विकर आहे. कच्च्या पपईच्या चिकात तर ते भरपूर असतं, म्हणून मांस मऊ करायला पपई लावतात. पुरत्या पिकलेल्या पपईत ते फारसं उरत नाही. उपाय सोपा आहे. अननसाच्या फोडी चमचाभर गुळाबरोबर पाच-सात मिनिटं शिजवायच्या, विकर उष्णतेनं निकामी होतं, रस आटतो, आणि गार झाल्यावर त्या खुशाल दह्यात घालायच्या. गोव्याकडे अननसाचं सासव करतात तेव्हा काही घरांत फोडी आधी शिजवून घेतात. दह्याशी अननस जमवायचा तर तीच वाट धरावी.

आता कुरकुरीत थर. बाहेर या पेल्याला पारफे म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ परिपूर्ण, आणि फ्रान्समध्ये तो मुळात अंडी, साखर आणि मलईचा गोठवलेला गोड पदार्थ आहे. दही, फळं आणि ग्रॅनोला यांचे थर लावण्याची रीत अमेरिकेतली. त्या ग्रॅनोलाची गोष्ट मला फार आवडते. 1863 साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे आरोग्यधाम चालवणाऱ्या जेम्स कॅलेब जॅक्सन या डॉक्टरांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाची रोटी भाजून, फोडून, पुन्हा भाजून त्याचा नाश्ता तयार केला. तो इतका टणक होता की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय चावता येत नसे. आज ज्याचा कुरकुरीतपणा टिकवायला आपण धडपडतो, त्याचा पूर्वज असा रात्रभर भिजत पडलेला असायचा.

आपल्याकडे यासाठी लाह्या आहेत. ज्वारीच्या, राजगिऱ्याच्या. आणि पातळ पोहे. एक वाटी पातळ पोहे कढईत मंद आचेवर चुरचुरीत भाजावेत, काढून ठेवावेत. त्याच कढईत चमचाभर तूप आणि दोन चमचे चिरलेला गूळ. गूळ फसफसला की गॅस बंद करून पोहे, अर्धी वाटी राजगिऱ्याच्या लाह्या, मूठभर जाडसर कुटलेले भाजके शेंगदाणे, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून झरझर हलवावं. गार झालं की सुटं करून घट्ट झाकणाच्या डब्यात. आठवडाभर राहतं. तूप आणि गूळ इथे चवीपुरते नाहीत. लाही आतून पोकळ असते, पाणी शोषायला ती कायमच तयार. तुपाचा आणि गुळाचा पातळ लेप त्या वाटा काही वेळ बंद करतो. नुसती लाही दह्यावर दोन मिनिटांत मऊ पडते, ही दहा-बारा मिनिटं तग धरते. शाळकरी मुलाला पेला संपवायला तेवढा वेळ पुरतो.

पोहे, लाह्या, दही, डाळिंबाचे दाणे ही नावं एकापाठोपाठ लिहिताना गोपाळकाल्याची आठवण येणारच. सामग्री जवळजवळ तीच. पण काल्यात पाण्याला मोकळीक आहे. पोह्यांनी दही पिऊन फुगावं, काकडीनं पाणी सोडावं, लोणच्याचा खार सगळीकडे पसरावा आणि घासात काय काय आहे ते वेगळं ओळखूच येऊ नये, यातच काल्याची गोडी आहे. पेल्यात प्रत्येक गोष्ट चमचा आत जाईपर्यंत आपापल्या जागी राहायला हवी. मला दोन्ही हवेत. दहीपोहे भिजलेलेच चांगले, आणि सकाळी सहाला अर्धवट झोपेत असलेल्या मुलीला जाग आणायला हा कुरकुरणारा पेला चांगला.

पेला भरायला चार मिनिटं लागतात. तळाशी दही, कारण ते जड आणि स्थिर. त्यावर फळ, पुन्हा दही, पुन्हा फळ. लाह्यांचा थर सगळ्यांत वर, आणि तोही पेला हातात देताना. मध्ये कुरकुरीत थर हवाच असेल तर तो दोन दह्यांच्या मध्ये ठेवावा, फळाला चिकटू देऊ नये. डब्यात न्यायचं असेल तर दही-फळं एका बरणीत, लाह्या कागदाच्या पुडीत वेगळ्या. मुलगी वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून पुडी ओतते आणि खाते.

सासूबाईंचा सुरुवातीला विरोध होता. दूध-दह्याबरोबर फळं नकोत असं त्यांच्या माहेरी मानत. मी वाद घातला नाही. शिकरण आणि आम्रखंड त्या घरात होत असेच, ते त्यांनाच आठवलं. त्या अजूनही आंबट फळं घालू देत नाहीत आणि सर्दी असेल तर पेला बंद. तेवढं मी पाळते.

हल्ली शनिवारी संध्याकाळी दही त्याच बांधतात. पुरचुंडीखालच्या पातेल्यात रात्रीपर्यंत दोन-अडीच वाट्या निवळी जमते, पिवळसर आणि स्वच्छ. पहिल्यांदा मी ती मोरीत ओतायला निघाले होते तेव्हा त्यांनी हात धरला. त्या निवळीत रविवारच्या पोळ्यांची कणीक भिजते, आणि त्या पोळ्या दुसऱ्या दिवशीच्या डब्यातही मऊ राहतात.