दुसऱ्या पेस्लिपवरचा ‘बीआर’
विलायतेतला पगार : भाग ९

मागच्या भागात १२५७एल हा टॅक्स कोड कुठून येतो ते पाहिलं. ब्रिटनमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर आयकर नाही. त्यातलं शेवटचं शून्य खोडलं की कोडातला आकडा मिळतो. मात्र ही सवलत माणशी एकदाच मिळते, दर नोकरीला वेगळी नाही. गोंधळ इथूनच सुरू होतो.

समजा, नाशिकचा एक मुलगा लेस्टरला शिकतोय. व्हिसाची आठवड्याला वीस तासांची मर्यादा सांभाळून तो सुपरमार्केटात महिना ६०० पौंड कमावतो आणि केअर होममध्ये ४००. पहिल्या पेस्लिपवर १२५७एल, कर शून्य. दुसरीवर बीआर, म्हणजे पहिल्या पौंडापासून सरसकट २० टक्के. ४०० मधले ८० गेले. दोन्ही नोकऱ्यांची वर्षाची बेरीज १२,०००, म्हणजे मर्यादेच्या आतच. त्याला एक पेनीसुद्धा कर लागू नाही, तरी दरमहा ८० पौंड कापले जातात.

यात कुणी लबाडी केलेली नसते. कामावर रुजू होताना भरून घेतात त्या स्टार्टर चेकलिस्टवर त्याने ‘सी’ला खूण केली, म्हणजे ‘माझी आणखी एक नोकरी आहे’, आणि ते खरंच होतं. ‘सी’ला बीआर, हा नियम. सगळी सवलत पहिल्या नोकरीत संपली असणार, असं व्यवस्था गृहीत धरते. ही पीएवायई, म्हणजे पगारातूनच कर कापण्याची, पद्धत १९४४ ची, एका माणसाला एकच मालक हे तेव्हा बहुतेकांचं वास्तव होतं.

उलटी चूक जास्त महागात पडते, कारण ती टोचत नाही. कुणीतरी दोन्हीकडे ‘ए’ला खूण करतं, ‘६ एप्रिलपासूनची (म्हणजे या करवर्षातली) ही माझी पहिलीच नोकरी’. मग दोन्हीकडे १२५७एल. एकीकडे वर्षाला २४,००० आणि दुसरीकडे ६,००० मिळत असतील, तर त्या ६,००० वर कापायचे १,२०० पौंड कुणीच कापत नाही. वर्ष संपल्यावर कर खात्याचं पत्र येतं. रक्कम एकदम मागत नाहीत, पुढच्या वर्षीच्या कोडातून वळती करतात. १,२०० म्हणजे ६,००० चे २० टक्के, म्हणून १२,५७० मधून ६,००० वजा होतात आणि कोड येतो ६५७एल. असा कोड बघून लोक दचकतात, पण तो चुकीचा नसतो.

आपल्या माणसांची पहिली धाव मॅनेजरकडे, मग पेरोलकडे. तिथे वाद घालून काही हाती लागत नाही. एचएमआरसीने, म्हणजे तिथल्या कर खात्याने, पाठवलेला कोड वापरणं मालकाला बंधनकारक आहे. तुमच्या सांगण्यावरून तो बदलता येत नाही. शिवाय केअर होमला सुपरमार्केटचा पगार दिसत नाही आणि सुपरमार्केटला केअर होमचा.

तेव्हा एचएमआरसीच्या ॲपमध्ये किंवा ऑनलाइन खात्यात जा. तिथे तुमच्या नोकऱ्यांची यादी असते आणि प्रत्येकीपुढे वर्षाच्या कमाईचा अंदाज. माझ्या मते दोष हुडकायचा तो इथे. कधी अंदाज अवाच्या सवा असतो. कधी सोडलेली नोकरी चालूच दिसते, सगळी सवलत तिच्यापाशी अडकून पडते आणि चालू नोकरीवर बीआर बसतो. आकडे आणि तारखा तिथेच दुरुस्त करता येतात. नाहीच जमलं तर ०३०० २०० ३३०० वर फोन. नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि दोन्ही पेस्लिपा हाताशी ठेवा.

सवलत दोन नोकऱ्यांत वाटूनही घेता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. आपल्या नाशिककराने पहिल्या नोकरीला ७२०एल आणि दुसरीला ५३७एल मागावा, कपात दोन्हीकडे थांबेल. दोन्ही पगार बऱ्यापैकी ठरलेले असतील तरच हे करावं. तासांचा भरवसा नसेल तर एकीकडची सवलत वाया जाते आणि दुसरीकडे कर लागतो.

कोड सुधारला की आधी जास्त कापलेले पैसे बहुधा पुढच्याच पगारात परत येतात. कोडामागे एम१, डब्ल्यू१ किंवा एक्स असेल तर नाही. तो कोड मागचे महिने मोजतच नाही. मुख्य नोकरीतच १२,५७० च्या वर कमाई असेल, तर दुसरीवरचा बीआर बहुतेक वेळा बरोबर असतो. तो काढून घेण्याच्या मागे लागू नका. नॅशनल इन्शुरन्सचा हिशेब मात्र सहसा प्रत्येक नोकरीचा स्वतंत्र होतो, या कोडांशी त्याचा संबंध नाही.

‘रिफंड मिळवून देतो’ म्हणणारे एजंट व्हॉट्सॲपवर भेटतील. ते परताव्यातून टक्केवारी घेतात, आणि काम तेच, जे तुम्ही फुकटात करू शकता. मागच्या चार करवर्षांपर्यंतचे पैसे मागता येतात. शिक्षण संपवून करवर्षाच्या मध्येच कायमचे भारतात परतणार असाल, तर पी८५ फॉर्म भरा. निघण्यापूर्वी दोन्ही नोकऱ्यांचे पी४५, म्हणजे नोकरी सोडल्याचे दाखले, मागून घ्या. नाशिकला पोचल्यावर ते मिळवायचे म्हणजे ईमेलवर ईमेल.