पोरं स्किनमुळे अडकत नाहीत

पालकसभा असो, चहाची टपरी असो की लग्नाचा मांडव, मोबाईलच्या गेमचा विषय निघाला की आमच्या पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात निदान ठरलेलं आहे. "कंपनीवाले ते रंगीत कपडे आन् बंदुका विकत्यात, म्हणून पोरं गेम सोडीनात." सांगणारा कधी शिक्षक असतो, कधी दूध संकलन केंद्रावरचा हिशेबनीस. वाक्य तेच आणि त्यावरचा उपायही तोच: डायमंडला, म्हणजे गेममधल्या चलनाला, पैसे देऊ नका, गेम आपोआप सुटेल.

सुटत नाही. आयुष्यात एक रुपया न भरलेली पोरंही रात्री बारापर्यंत रँक वाढवत बसतात, आणि हे निदान करणाऱ्यांच्याच घरात बसतात. तरी निदान काही बदलत नाही.

जरा शांतपणे बघू. फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय खेळायला पैसे लागत नाहीत. कंपनीची कमाई स्किन (पात्राचा पोशाख किंवा बंदुकीचं रूप), बंडल (पोशाखाचा संच), इमोट (पात्राचे हावभाव) आणि पास यांतून होते. पण हे विकत घेतं कोण? अमेरिकेतल्या एपिक विरुद्ध ॲपल खटल्याच्या २०२१ च्या निकालात न्यायालयाने नोंदवलं आहे की ॲपलच्या स्टोअरचं सुमारे ७० टक्के उत्पन्न गेममधून येतं, आणि ते देणारे लोक स्टोअरच्या एकूण ग्राहकांच्या १० टक्क्यांहूनही कमी आहेत. स्व्हर्व्ह या कंपनीने २०१४ साली मोबाईल गेमचे आकडे तपासले, तेव्हा महिन्याभरात पैसे देणारे खेळाडू जेमतेम दीड टक्का निघाले, आणि निम्मी कमाई ०.१५ टक्का खेळाडूंच्या खिशातून आलेली. आकडे जुने आहेत, पण धंद्याची रचना तीच आहे: बहुतेक जण फुकट खेळतात. स्किनच पोरांना धरून ठेवत असेल, तर स्किन न घेणाऱ्या या एवढ्या मोठ्या गर्दीला कोणी धरून ठेवलंय?

दोन उदाहरणं घ्या. काउंटर-स्ट्राइक १.६ हा गेम २००३ मध्ये आला. त्यात विकत घ्यायला एकही पोशाख नव्हता, तरी पुण्यातल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून कॉलेजची पोरं वर्षानुवर्षं तोच नकाशा खेळली. उलट वॉर्नर ब्रदर्सच्या मल्टिव्हर्सस या फुकट गेममध्ये बॅटमॅनपासून बग्स बनीपर्यंत सगळे होते आणि त्यांचे पोशाखही विकायला होते. मे २०२४ मध्ये तो पुन्हा नव्याने बाजारात आणला आणि ३० मे २०२५ ला बंद केला. पोशाखांना खेळाडू धरून ठेवता आले नाहीत.

गाडी नेमकी उलटी आहे. स्किन घेतली म्हणून पोरगं टिकत नाही. टिकलेलं पोरगं कधीतरी स्किन घेतं. फिनलंडचे संशोधक युहो हमारी यांनी अडीच हजारांहून अधिक खेळाडूंच्या उत्तरांवरून २०१५ मध्ये हेच मांडलं. खेळाची मजा येणाऱ्याची खेळत राहण्याची इच्छा वाढते, पण वस्तू विकत घेण्याची इच्छा कमी होते. खरेदीकडे ढकलणाऱ्या गोष्टींत या दोन आहेत: पुढेही खेळत राहायचा बेत, आणि सोबतचे त्या वस्तूला काय म्हणतील याची समजूत.

म्हणजे खरेदी सोबत्यांसाठी असते. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलावर नवी झूल चढवायची तर बघायला गर्दी हवी. रिकाम्या घाटात झुलीवर कोण खर्च करेल? फुकट खेळणारी पोरं ही ती गर्दी आहे. कंपनी त्यांना फुकट खेळवते ती दानधर्म म्हणून नव्हे.

मग धरून कोण ठेवतं? स्क्वॉड. चौघांपैकी तिघे लॉबीत येऊन थांबलेत आणि चौथ्याचे फोनवर फोन चाललेत, हे बंधन कुठल्याही बंडलपेक्षा घट्ट असतं. त्याच्या जोडीला रोजचं मिशन, रोज लॉगिन केल्याचं बक्षीस आणि सीझन संपला की घसरणारी रँक. या सगळ्यांना मुदत असते आणि मुदत माणसाला परत आणते. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: पास. पैसे आधी भरायचे आणि बक्षिसं खेळून मिळवायची, तीही सीझन संपायच्या आत. इथे खरेदी खरोखरच खेळायला लावते. पण ओढ त्या कपड्याची नसते, भरलेले पैसे वाया जातील या धास्तीची असते. त्यामुळे घरात वाद घालायचाच असेल तर डायमंडवरून घालण्याआधी रात्रीच्या लॉबीच्या वेळेवरून घाला.

आता फुटकळ समज.

"स्किन नुसती दिसायला असते." बीजीएमआयमधल्या बंदुकीच्या स्किनबाबत खरं. फ्री फायरमध्ये बंदुकीच्या अनेक स्किन मारा, वेग, रिलोड असं काहीतरी वरखाली करतात. तिथे पोरगं "स्किननं फरक पडतो" म्हणालं तर ते थापा मारत नाहीये.

"घेतली म्हणजे आपली झाली." वापरायची परवानगी तेवढी मिळते. २ सप्टेंबर २०२० ला भारतात पबजी मोबाईलवर बंदी आली तेव्हा महागडे सूट सर्व्हरवरच राहिले. जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती म्हणून आलेल्या बीजीएमआयमध्ये जुनं खातं आणता आलं, ते कंपनीने सोय दिली म्हणून.

"बाहेरच्या देशांचे धंदे हे." पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने १६ ऑक्टोबर २०२४ ला इंडस हा गेम आणला. तोही फुकट, आणि त्यातही पोशाख विकत.

"डायमंड म्हणजे रुपयेच की." मुद्दाम रुपये नाहीत. गठ्ठे अशा आकाराचे बांधतात की हवी ती वस्तू घेऊन थोडे डायमंड उरतात, मग ते संपवायला पुढचा गठ्ठा. १२ मे १८७५ ला याच सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे तिथून पेटले. त्या वह्यांतलं व्याज कितीही खोटं असो, आकडा निदान रुपयांत तरी होता.

"अमुक साइटवर डायमंड फुकट मिळतात." नाही मिळत. आयडी जातो, कधी बापाचं खातंही रिकामं होतं.

"नव्या कायद्याने हे गेम बंद झाले." ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यातली बंदी पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर आहे. स्किन घेताना रुपये परत जिंकायची अपेक्षा नसते, त्यामुळे बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स त्या बंदीत येत नाहीत.

"एकदा गेलेले पैसे गेलेच." लगेच हार मानू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार भारतीय कायद्यात टिकत नाही, आणि गुगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो. मिळेलच असं नाही, पण मागावा. त्याच बैठकीत प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असं करून घ्या, आणि ते करताना पोरगं पासवर्ड बघत नाहीये ना, तेवढं बघा.