खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष

वाशीच्या फळबाजारात नाशिकची जी द्राक्षं येतात, त्यांचीच वाइन का करत नाहीत, असं बऱ्याचदा विचारलं जातं. करता येईल, पण चव बेताची. थॉमसन सीडलेस हे खायचं द्राक्ष: पातळ सालीचं, बिनबियांचं. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं. रेड वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बियांतून. व्हाइट वाइन करताना रस आंबवण्याआधीच साल बाजूला काढतात.

आता आंबटपणा. फ्रान्समध्ये तोडणी साधारण सप्टेंबरात होते. आपल्याकडे तेव्हा पाऊस. म्हणून नाशिकला पावसाळा सरताना छाटणी करतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. दिवसाच्या उन्हात साखर वाढते, रात्रीच्या गारव्यात आंबटपणा टिकतो. यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. ऊन चढलं की आंबटपणा भराभर उतरतो. तोडणी लांबली तर वाइन सपक लागते, अन् घाई केली तर नुसती आंबट. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत या थोड्या दिवसांवर असते, म्हणून तो साखर सारखी मोजत राहतो.

तेव्हा वाइन चाखताना आधी एवढंच ओळखा: जीभ कोरडी पडते की तोंडाला पाणी सुटतं? पहिला तुरटपणा, दुसरा आंबटपणा.