दृष्टिहीनांच्या हाती जीवरक्षणाची कला

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळच्या वेळी रुग्णवाहिकेचा भोंगा बराच वेळ एकाच जागेवरून ऐकू येतो. तेथील वाहतूक कोंडी पुणेकरांना नव्याने सांगायला नको. कार्यालयात कोणाचे हृदय अचानक बंद पडले, तर 108 ची गाडी पोहोचेपर्यंतची मिनिटे शेजारच्या माणसाच्या हातात असतात. प्राणवायूअभावी मेंदूला 4 ते 6 मिनिटांत इजा होऊ लागते. छातीवर दाब देणारे कोणी नसेल, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. शेजारचा तो माणूस दृष्टिहीन असेल तर?

पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणकप्रणालींमुळे दृष्टिहीन तरुण-तरुणी आज माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करीत आहेत. आपत्तीच्या सरावात मात्र 'ज्याला बाहेर काढायचे आहे' असा सहकारी एवढीच त्यांची भूमिका बहुधा ठरलेली असते. तो स्वतः कोणाचा जीव वाचवू शकेल, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

वस्तुतः छातीवर दाब देऊन हृदयाचे काम चालू ठेवण्याची पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील तिघा संशोधकांनी 1960 मध्ये मांडली, तेव्हाच त्यासाठी केवळ दोन हात पुरेसे असल्याचे त्यांनी नमूद केले होते. डोळ्यांवर अवलंबून आहे ती शिकविण्याची रीत. 'मी करतो तसे पाहून करा' या एका वाक्याने दृष्टिहीन शिकाऊ वर्गाबाहेर पडतो.

त्याऐवजी प्रशिक्षकाने आपल्या हातांवर त्याचे हात ठेवू द्यावेत. कोपर ताठ आहे, खांदे थेट हातांवर आले आहेत, हे त्याला चाचपून कळते. गळ्याखालच्या खाचेपासून छातीच्या मधल्या हाडावरून बोटे खाली नेली की बरगड्या मिळतात तेथे ते हाड संपते. त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडील भाग टेकवायचा. दाब 5 ते 6 सेंटीमीटर खोल आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा द्यायचा. सरावाच्या अनेक पुतळ्यांत दाब पुरेसा खोल गेला की 'टक्' असा आवाज होतो. ही सोय डोळसांसाठी केलेली असली, तरी येथे तीच शिक्षकाचे काम करते. तोंडाने श्वास देण्याचे दडपणही नको. भारतीय तज्ज्ञांनी 2017 मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीदाबाची पद्धत सुचविली आहे.

घशात घास अडकल्यावर पाठीमागून पोटावर दाब देतात, तेव्हा तर डोळसालाही आपली मूठ दिसत नसते!

अवघड भाग वेगळाच आहे. हाक मारून, खांदे थोपटूनही प्रतिसाद नसेल, तर एक हात छातीवर ठेवून व गाल तोंडाजवळ नेऊन 10 सेकंदांत श्वास तपासायचा असतो. मरणासन्न व्यक्तीची घोरल्यासारखी तुटक उचकी कानाला श्वासच वाटते आणि मौल्यवान वेळ निघून जातो. म्हणून तिचे ध्वनिमुद्रण वारंवार ऐकवायला हवे. दृष्टिहीनांचे कान उपजतच तीक्ष्ण असतात, ही समजूत भाबडी आहे. तेही सरावानेच तयार होतात.

मर्यादाही स्पष्ट सांगाव्यात. ओठांचा निळेपणा दिसणार नाही. रक्तस्राव हातमोजे घालून ओलाव्यावरून शोधावा लागेल. सुटी पडलेली विजेची तार हा तर खरा धोका. त्यामुळे पुढे होण्यापूर्वी 'इथे काय पडले आहे?' असे मोठ्याने विचारणे हा धड्याचाच भाग ठरतो. हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र बोलून सूचना देते, पण त्याच्या चकत्या कोठे लावायच्या हे चित्राने दाखविलेले असते. एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली, हे आधीच हाताने शिकून ठेवावे लागते.

यासाठी तुकडी लहान हवी. एका पुतळ्याभोवती वीस जण उभे राहिले, तर मागचे डोळस निदान पाहू तरी शकतात. हात न लागलेला दृष्टिहीन मात्र काहीच न शिकता घरी जातो.